पबजी गेला त्या वर्षी पुण्याचा ‘राजी’ जगात कसा पोहोचला?

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्राने पबजी मोबाइलसह ११८ अ‍ॅप्सवर बंदी घातली. वर्षभर चर्चा त्याचीच झाली. पण त्याआधी पंधरवड्यातच, १८ ऑगस्टला, ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम निन्टेन्डो स्विचवर आला होता. तो बनला करंजाडेहून एक्स्प्रेसवेने दोन-अडीच तासांवर असलेल्या पुण्यात, ‘नॉडिंग हेड्स गेम्स’ या छोट्या स्टुडिओत.

गेममध्ये काय आहे?
असुरांनी पळवलेल्या गोलू या भावाला सोडवायला राजी निघते. हातात दुर्गेचा त्रिशूळ, भोवती राजस्थानी धाटणीचे महाल. गोष्ट सांगतात दुर्गा आणि विष्णू.

पैसा कुठून आला?
२०१७ मध्ये किकस्टार्टरवर मागितलेली लोकवर्गणी पूर्ण झाली नाही. तरी टीमने काम सोडले नाही. पुढे परदेशी प्रकाशक मिळाला.

मिळाले काय?
ऑक्टोबरमध्ये गेम पीसी, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर आला. ‘द गेम अ‍ॅवॉर्ड्स’मध्ये पदार्पणातील सर्वोत्कृष्ट इंडी गेमसाठी नामांकन मिळाले, पुरस्कार मात्र ‘फास्मोफोबिया’ने नेला.

मुद्दा काय?
आपल्याकडे गेम खेळणारे कोट्यवधी आहेत. बनवून जगभर विकणारे मोजकेच. ‘राजी’चे महत्त्व त्यातच आहे.