आरसा घासणारे हात

दुर्बिणीत भिंगाऐवजी अंतर्वक्र आरसा वापरावा, हे न्यूटनला सर्वांत आधी सुचले असे नाही. जेम्स ग्रेगरी या तरुण स्कॉटिश गणितज्ञाने १६६३ साली ‘ऑप्टिका प्रोमोटा’ या ग्रंथात अशा दुर्बिणीचा आराखडा छापला होता. गणित बिनचूक होते. लंडनच्या नामांकित भिंगकारांकडे त्याने काम सोपवूनही पाहिले, पण हवा तसा आरसा काही घासला गेला नाही.

यात कारागिरांना दोष देता येत नाही. भिंगाच्या पृष्ठभागावर बारीकसा उंचवटा राहिला, तर प्रकाशाच्या वाटेत त्याच्या उंचीच्या साधारण निम्माच फरक पडतो. आरशावर तोच उंचवटा प्रकाशाला येताना आणि जाताना असा दोनदा नडतो. म्हणजे आरसा भिंगाच्या चौपट अचूक हवा.

मग एवढा खटाटोप कशासाठी? भिंगातून प्रत्येक रंगाचा किरण वेगळ्या कोनात वळतो आणि ताऱ्याभोवती रंगीत झालर दिसते. ती कमी करायची तर दुर्बीण लांबच लांब करावी लागे. लोलकाच्या प्रयोगांवरून न्यूटनने ठरवले की भिंगाचा हा दोष जाणारच नाही. हा निष्कर्ष चुकीचा होता. पुढे अठराव्या शतकात दोन प्रकारच्या काचा जोडून तो दोष बराच घालवता आला. पण त्या चुकीनेच न्यूटनला आरशाकडे वळवले.

१६६८ साली केंब्रिजमध्ये त्याने तांबे आणि कथील वितळवले, त्यात पांढरी झाक यावी म्हणून सोमल घातला. हा धातू आपल्या काशाच्याच कुळातला, पण अधिक ठिसूळ. हत्यारेही त्याने स्वतःच बनवली. मला त्याची थोरवी इथे दिसते: गणित ज्याने मांडायचे, त्यानेच भट्टीपुढे बसायचे. आरसा जेमतेम सव्वा इंच रुंद, नळी सुमारे सहा इंच. तरी प्रतिमा चाळीसपट मोठी दिसे. गुरूचे चंद्र आणि शुक्राची कोर त्याने तिच्यातून पाहिली. दुसरी दुर्बीण १६७१च्या अखेरीस लंडनच्या रॉयल सोसायटी या विज्ञानसंस्थेकडे गेली आणि पुढच्याच महिन्यात तो सोसायटीचा सदस्य झाला.

त्यानंतर जवळजवळ पन्नास वर्षे गाडी अडली. १७२१ साली जॉन हॅडलीने सहा इंची आरसा सोसायटीपुढे ठेवला, तेव्हा त्याची सहा फुटी दुर्बीण डच हायगेन्स बंधूंच्या १२३ फुटी भिंगाच्या दुर्बिणीच्या तोडीची ठरली. पुढे इंग्लंडमधल्या बाथ गावी खगोलप्रेमी संगीतकार विल्यम हर्शेल आरसा घासायला बसला की तासन्‌तास हात काढत नसे. बहीण कॅरोलिन त्याला घास भरवी. त्याच हातच्या आरशाने १७८१ साली युरेनस सापडला.

धातूचे आरसे मात्र काळवंडत, आणि पुन्हा पॉलिश करताना त्यांचा आकार बिघडे. १८५७ साली फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ फूकोने काचेवर चांदीचा मुलामा चढवला आणि ही कटकट संपवली. मुलामा उतरवून नवा चढवता येतो, खालची काच तशीच राहते.

पुण्यातही अशी एक मोठी दुर्बीण होती. भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून कावसजी नायगामवालांनी कॉलेज ऑफ सायन्समध्ये वेधशाळा उभारली. तिथली वीस इंची परावर्ती दुर्बीण १९१२ साली कोडाईकनालला गेली. आज आंबेगाव तालुक्यात गिरवलीला पुण्याच्या आयुका या खगोलसंस्थेची दोन मीटर आरशाची दुर्बीण आहे.

सहा इंची आरसा आजही घरी हाताने घासता येतो. काचेच्या दोन चकत्या, कार्बोरंडमची पूड, पाणी आणि भरपूर चिकाटी एवढे पुरते. घरात दहावी-बारावीचे मूल असेल, तर सुट्टीत त्याच्यासोबत जरूर करून पाहा.