लिव्हरपूलचे वार्तापत्र : कसोटीपटू बिशप आणि नागपूरचे ऐक्य

अँग्लिकन बिशप म्हटले की महाराष्ट्रातील वाचकापुढे अजूनही ब्रिटिश राजवटीतील धर्माधिकारी उभा राहतो : प्रशस्त बंगल्यात राहणारा, सरकारदरबारी मानाने बसणारा आणि गोरगरिबांच्या प्रश्नांपासून चार हात दूर असणारा. इंग्लंडमधील व्यवस्था पाहता ही समजूत निराधार म्हणता येत नाही. चर्च ऑफ इंग्लंड ही राजाला आपला सर्वोच्च प्रशासक मानणारी अँग्लिकन धर्मसंस्था असून, तिच्या बिशपांची, म्हणजे एकेका धर्मप्रांताच्या प्रमुखांची, नेमणूक पंतप्रधानांच्या सल्ल्याने राजाच्या नावे होते आणि त्यांपैकी २६ जण लॉर्ड्सच्या सभागृहात पदसिद्ध बसतात. परंतु राजाच्या नावे नेमलेला बिशप सरकारचा मिंधा असतो, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष लिव्हरपूलमध्ये टिकत नाही, आणि तो न टिकण्याचे मुख्य कारण तेथे बिशप राहिलेले डेव्हिड शेपर्ड (१९२९–२००५) हे होत.

मराठी क्रिकेटरसिकांना हे नाव अगदीच परके नसावे. १९५२ साली विजय हजारे यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाविरुद्ध ओव्हलच्या कसोटीत ११९ धावा काढणारे सलामीचे फलंदाज ते हेच. पुढे १९५४ मध्ये त्यांनी पाकिस्तानविरुद्ध दोन कसोटींत इंग्लंडचे नेतृत्व केले, १९५५ मध्ये धर्मदीक्षा घेतली, आणि जिम लेकर यांच्या १९ बळींमुळे गाजलेल्या १९५६ च्या मँचेस्टर कसोटीत धर्मगुरू असताना शतक झळकावले. अशा माणसाला एखादे सुखवस्तू चर्च सहज मिळाले असते. त्यांनी मात्र १९५७ पासून बारा वर्षे पूर्व लंडनच्या गोदी भागात, कॅनिंग टाउन येथील मेफ्लॉवर केंद्रात, कामगार कुटुंबांमध्ये काढली.

भारतीय वाचकाने विशेष ध्यानात घ्यावा असा प्रसंग १९६८ चा आहे. दक्षिण आफ्रिकेत जन्मलेले इंग्लंडचे मिश्रवंशीय खेळाडू बेसिल डि’ऑलिव्हेरा यांना, ऑस्ट्रेलियाविरुद्ध १५८ धावा काढूनही, दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यातून आधी वगळण्यात आले. नंतर एका सहकाऱ्याच्या दुखापतीमुळे त्यांची निवड झाली, तेव्हा तेथील वर्णद्वेषी सरकारने हा संघच नाकारला. वर्णभेदाच्या निषेधार्थ दक्षिण आफ्रिकेच्या संघाविरुद्ध खेळण्यास १९६० मध्येच नकार दिलेल्या शेपर्ड यांनी डिसेंबर १९६८ मध्ये एमसीसीच्या, म्हणजे त्या काळी इंग्लंडचा संघ परदेशी पाठवणाऱ्या आपल्याच क्लबच्या, विशेष सभेत कारभाऱ्यांविरुद्ध ठराव मांडला. क्रिकेटपटू माइक ब्रिअर्ली यांनी त्याला अनुमोदन दिले, पण ठराव पडला. भारताने दक्षिण आफ्रिकेशी व्यापारसंबंध १९४६ मध्येच तोडले होते आणि १९७४ मध्ये डेव्हिस चषकाच्या अंतिम सामन्यावरही पाणी सोडले, याचा अभिमान रास्तच आहे. तथापि ती भूमिका देशाची होती आणि तिच्यामागे सारा देश उभा होता. स्वतःच्या क्लबात, स्वतःच्या सहकाऱ्यांपुढे उभे राहून हरण्याची तयारी ही वेगळी गोष्ट आहे, आणि भारतीय क्रिकेटपटूंकडून तिची अपेक्षासुद्धा कोणी करत नाही, ही खेदाची बाब आहे.

१९७५ मध्ये शेपर्ड लिव्हरपूलचे बिशप झाले. आयरिश दुष्काळानंतर आलेल्या कॅथलिक निर्वासितांमुळे या शहरात प्रॉटेस्टंट आणि कॅथलिक यांच्यातील तेढ पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली होती. १९७६ मध्ये डेरेक वॉरलॉक कॅथलिक आर्चबिशप म्हणून आले आणि बेकारी असो, १९८१ ची शहरातील टॉक्स्टेथ भागातली दंगल असो वा लिव्हरपूलच्या फुटबॉलप्रेमींचे बळी घेणारी १९८९ ची हिल्सबरो मैदानावरील दुर्घटना, हे दोघे लोकांना एकत्रच दिसू लागले. सदैव जोडीने आणि सदैव वर्तमानपत्रात, म्हणून शहराने त्यांना ‘फिश अँड चिप्स’ हे नाव दिले, कारण हा पदार्थ तेथे वर्तमानपत्राच्या कागदात बांधून मिळत असे. शहरांतील दारिद्र्यावरचा ‘फेथ इन द सिटी’ हा चर्चचा अहवाल १९८५ मध्ये निघाला तेव्हा सत्ताधाऱ्यांपैकी काहींनी त्यावर मार्क्सवादाचा शिक्का मारला; हा अहवाल तयार करणाऱ्या आयोगाचे उपाध्यक्ष शेपर्डच होते.

येथवरचे वाचून महाराष्ट्राने हेवा करावा, आणि तो करावाच. पण इंग्लंडनेही महाराष्ट्राचा हेवा करावा असे एक कार्य महाराष्ट्रात घडले आहे. अँग्लिकन आणि मेथडिस्ट पंथांच्या ऐक्याची योजना इंग्लंडमध्ये १९६९ मध्ये आणि पुन्हा १९७२ मध्ये आवश्यक बहुमताअभावी फसली. त्याच काळात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी, नागपूर येथे अँग्लिकनांसह सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले, आणि जिच्या नेमणुकांत शासनाचा हात नाही अशी ही संस्था चार दशकांच्या वाटाघाटींतून उभी राहिली. ज्या अहमदनगरात अमेरिकन मिशन आणि अँग्लिकन मिशन एकेकाळी एकाच गावातील भाविकांसाठी स्पर्धा करत होती, तेथील दोन्ही परंपरा त्या दिवशी एका छत्राखाली आल्या. असे असूनही नागपूरच्या या घटनेची ओळख सुशिक्षित मराठी वाचकाला नाही, आणि या चर्चचे नाव वृत्तपत्रांत येते ते बहुधा मालमत्तेच्या दाव्यांपुरते.

शेपर्ड आणि वॉरलॉक यांचे शिल्प लिव्हरपूलकरांनी २००८ मध्ये दोन्ही कॅथीड्रलांना जोडणाऱ्या होप स्ट्रीटवर उभे केले. नागपूरच्या ऐक्यासाठी झटलेल्या पिढीतील जी थोडी माणसे हयात असतील, त्यांच्याकडून तो इतिहास मराठीत लिहून घेण्याचे काम महाराष्ट्रातील अभ्यासकांनी आता आणखी लांबणीवर टाकू नये.