दुबळा प्लेग आणि जैवसुरक्षा अधिकारी

सप्टेंबर २००९. शिकागो विद्यापीठातील ६० वर्षांचे एक जनुकशास्त्रज्ञ ताप, अंगदुखी आणि खोकल्याने आजारी पडले. स्वाइन फ्लूचे ते दिवस. १३ तारखेला रुग्णालयात त्यांचा मृत्यू झाला. रक्तात सापडला तो प्लेगचा जंतू. ते संशोधन करत होते, तोच.

हा जंतू मुद्दाम दुबळा केलेला होता. प्लेगच्या जंतूला वाढीसाठी लोह लागते. या वाणाला ते शरीरातून खेचून घेताच येत नव्हते. म्हणून तो निरुपद्रवी मानला जाई. शवविच्छेदनात मात्र या गृहस्थांना हिमोक्रोमॅटोसिस असल्याचे दिसले. या आनुवंशिक विकारात अवयवांत लोह साठत जाते. जंतूला बहुधा ते आयतेच मिळाले. विकाराचे निदान आधी झालेले नव्हते. हातमोजेही ते नेमाने वापरत नसत, असे चौकशीत आढळले.

‘जंतू दुबळा आहे’ हे प्रयोगशाळेला ठाऊक असते, ‘पण कोणासाठी?’ हे विचारणारा माणूस म्हणजे जैवसुरक्षा अधिकारी. अमेरिकेत १९७६ साली जनुकीय संशोधनाचे नियम आले. त्यांनुसार विद्यापीठात जैवसुरक्षा समिती असते आणि तिच्यात किमान दोन सदस्य संस्थेबाहेरचे लागतात. अतिधोकादायक जंतूंवर काम होत असेल, तर असा अधिकारीही नेमावा लागतो.

या पदावर सूक्ष्मजीवशास्त्राचे पदवीधर येतात, तसे पशुवैद्यक आणि परिचारिकाही. काम बरेचसे रटाळ. सुरक्षा कपाटातला हवेचा प्रवाह तपासायचा. ऑटोक्लेव्हमध्ये चिवट जिवाणूंचे बीजाणू ठेवून ते खरेच मरतात का, हे पाहायचे. सुई टोचली, नळी फुटली तर काय करायचे, याची तालीम घ्यायची. आणि नामवंत प्राध्यापकाला ‘मोजे घाला’ म्हणायचे. सर्वांत अवघड तेच!

भारतातही १९८९ च्या नियमांनुसार असे संशोधन करणाऱ्या संस्थांना जैवसुरक्षा समिती नेमावी लागते. तीत वैद्यकीय तज्ज्ञ असावाच लागतो. कर्मचारी गरोदर आहे का, तिची प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधे चालू आहेत का, हे विचारायला तोच हवा.

काही प्रयोगशाळा कर्मचाऱ्यांना खिशात ठेवायला एक कार्ड देतात. कोणत्या जंतूवर काम चालते आणि ताप आल्यास कोणाला फोन करायचा, हे त्यावर लिहिलेले असते. तापाचा रुग्ण तपासणाऱ्या डॉक्टरला ते पहिल्याच भेटीत दिसायला हवे.