बारा वळणांची केरिस

जावा बेटावरच्या सोलो शहरातल्या एका दुकानदाराने मला ही केरिस 'मजपहित' म्हणून विकली. मजपहित म्हणजे जावातलं ते जुनं साम्राज्य, चौदाव्या-पंधराव्या शतकातलं. कट्यारीला वळणं तेरा, असं तो म्हणाला. मीही हुरळून तेराच मोजली.

आठवड्याने ती एका जाणत्या म्हाताऱ्यांपुढे ठेवली. त्यांना सगळे नुसतं 'पाक' म्हणत. पातं त्यांनी आधी पाहिलंच नाही. मूठ हळूच पिळून काढली. आतल्या दांड्याला, म्हणजे पेसीला, जुनी चिंधी गुंडाळलेली; मूठ घट्ट बसावी म्हणून ती घालतातच. मूठ, म्यान, म्यानावरचं पितळी पेंडोक बाजूला सारत ते म्हणाले, "हे कपडे, दादा. कपड्यांवरून वय काढू नका." पिढी बदलली की कपडे बदलतात, जुन्या पात्याला नवं म्यान घालण्यात लबाडी नाही.

पात्याच्या बुडाशी गोंजो नावाचा आडवा तुकडा असतो. तो बहुधा वेगळा घडवून पेसीवर ओवतात. माझ्या पात्यावर पामोर होता, म्हणजे लोखंडात निकेलच्या धातूचे थर ठोकून उठवलेली फिकी नक्षी. गोंजो मात्र नुसता काळा. चोरी सापडली, असं मला वाटलं.

"काळा गोंजो मुळातही असतो. फट बघा."

खिडकीकडे धरल्यावर सांध्यातून उजेडाची बारीक रेघ दिसली. गोंजो दुसऱ्या पात्याचा होता.

नक्षी उठून दिसावी म्हणून पात्याला लिंबाचा रस आणि सोमल लावतात. लोखंड काळं पडतं, निकेल पांढरं राहतं. निव्वळ निकेलची नक्षी चांदीसारखी झळकते, ती अलीकडची. माझी मळकट होती. तेवढंच समाधान! आम्लात बुडवून म्हातारं केलेलं पातं सगळीकडे सारखं खरबरीत होतं, तसंही हे नव्हतं.

घडण कुठल्या काळाची, या अंदाजाला तांगुह म्हणतात. मजपहितची पाती सडपातळ, सोलोची भरदार. पण अंदाजच तो. 2020 साली नेदरलँड्सने, डचांशी लढलेला जावाचा राजपुत्र दिपोनेगोरो याची केरिस परत केली, तेव्हाही ती खरोखर त्याचीच का, यावर जाणकारांत काथ्याकूट झाला.

शेवटी पाकांनी टोकावर नख फिरवलं. नक्षीच्या रेघा तिथे निमुळत्या होत मिटायला हव्यात. त्या धारेवर येऊन तुटल्या होत्या.

"मोजा."

बुडापासून मोजली. बारा. केरिसची वळणं नेहमी विषम. टोक कधीतरी मोडलं असणार, कुणीतरी कानशीने नवं काढलं, त्यात शेवटचं वळण गेलं.

"मजपहित?" मी विचारलं.

"मातारम म्हणू, मजपहितनंतरचं जावातलं राज्य," असं म्हणून ते पेसीला पुन्हा चिंधी गुंडाळू लागले.