उल्हासच्या मुखावरचा किल्ला

बदलापूरच्या पुलाखालून जाणारी उल्हास नदी उल्हासनगरच्या कडेने कल्याणला पोचते आणि तिथे तिची खाडी होते. भरती-ओहोटीच्या तालावर चालणारे हे पाणी ठाण्याजवळ फुटते. त्याची मोठी वाट साष्टी बेटाच्या उत्तरेने, घोडबंदरला वळसा घालून वसईपाशी समुद्राला मिळते. त्या मुखावर सुमारे साडेचार किलोमीटर तटबंदीचा एक उद्ध्वस्त किल्ला उभा आहे. चंदेरी आणि मलंगगड चढणाऱ्या अंबरनाथ-बदलापूरकरांनी हा किल्लाही आपला मानायला हवा, कारण वरच्या अंगाच्या बंदरांचे नशीब शतकानुशतके इथेच ठरत होते.

गुजरातचा सुलतान बहादूरशहा मोगल बादशहा हुमायूनच्या दडपणाखाली होता. त्याने डिसेंबर १५३४ मध्ये वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा याच्या हवाली केला. १५३६ मध्ये बांधकाम सुरू झाले. आधी आतला बालेकिल्ला झाला आणि पुढे सगळ्या वस्तीभोवती बुरुजांची तटबंदी फिरली. तीन बाजूंना पाणी आणि चिखलाचे खाजण, लढण्याजोगी जमीन फक्त उत्तरेला.

आत एक अख्खे शहर नांदत होते. वसई ही पोर्तुगीजांच्या उत्तर प्रांताची राजधानी होती आणि दमणपासून चौलपर्यंतची ठाणी तिच्या छायेत होती. फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन आणि ऑगस्टिनियन या चारही पंथांच्या धर्मगुरूंनी इथे मठ आणि चर्च उभारली. इथल्या गोदीत जहाजे बांधली जात. इथला घडीव दगड गोव्यातल्या बांधकामांसाठीही जात असे.

या शहराचा राजा साठ वर्षे माद्रिदमध्ये बसत होता, हे मात्र फारसे कुणाला ठाऊक नसते. पोर्तुगालचा तरुण राजा सेबास्तियन १५७८ मध्ये मोरोक्कोच्या रणांगणावर निपुत्रिक मारला गेला. दोन वर्षांत गादीचा वारसा स्पेनच्या दुसऱ्या फिलिपकडे गेला. १६४० पर्यंत वसईत कारभारी पोर्तुगीज होते, पण मुकुट स्पेनचा होता. स्पेनचे वैरी डच आता वसईचेही वैरी झाले.

त्या काळाचा धागा एका वसईकराच्या आयुष्यातही सापडतो. सोळाव्या शतकाच्या मध्यात इथे जन्मलेला गोन्सालो गार्सिया जपानी भाषेत तरबेज होता. स्पेनच्या ताब्यातल्या मनिलात तो फ्रान्सिस्कन पंथात दाखल झाला आणि स्पॅनिश धर्मगुरूंचा दुभाषा म्हणून जपानला गेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला इतर पंचवीस जणांसह क्रुसावर चढवण्यात आले. १८६२ मध्ये त्याला संतपद मिळाले.

पुढे सामना कल्याणशी आला. शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतली आणि तिथल्या खाडीत आरमाराची पायाभरणी केली. या कामावर रुई लैतांव व्हिएगश हा पोर्तुगीज कारागीर आणि त्याची माणसे होती. कल्याणला बांधलेले जहाज समुद्रात न्यायचे, तर ते वसईच्या तोफांसमोरून न्यावे लागे. नवी सत्ता आपल्याच कारागिरांच्या हातून आरमार उभारते आहे, हे वसईच्या कप्तानाने ओळखले आणि त्या माणसांना काम सोडून परत यायला लावले.

ऐंशी वर्षांनी मराठे थेट त्या तोफांवर चालून गेले. चिमाजी अप्पांच्या मोहिमेत १७३७ मध्ये ठाणे पडले. खाडीपलीकडचे धारावीचे ठाणे १७३९ च्या आरंभी हाती आले आणि वसईची कोंडी पुरी झाली. समुद्राकडून आंग्र्यांचे आरमार होते, उत्तरेच्या वाळूत मोर्चे लागले होते. तटाखाली सुरुंग पेरले जात, काही आपल्याच माणसांवर उलटत. हजारो माणसे कामी आली. अखेर सॅन सेबास्तियन बुरूज उडाला आणि मे १७३९ मध्ये किल्ल्याने शरणागती पत्करली. तह उदार होता: आतल्या लोकांना आठवडाभराची मुदत आणि सन्मानाने बाहेर पडण्याची मोकळीक मिळाली.

चर्चच्या घंटा मात्र महाराष्ट्रभर गेल्या. नाशिकच्या नारोशंकर मंदिरात, भीमाशंकरला, वाईजवळच्या मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे. वज्रेश्वरीचे मंदिरही याच विजयाच्या नवसातून उभे राहिले, असे सांगतात.

१७८० मध्ये इंग्रजांनी वसई घेतली, सालबाईच्या तहाने ती परत केली. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने याच वसईत इंग्रजांशी तह करून तैनाती फौज स्वीकारली. १८१८ नंतर किल्ल्याला लष्करी कामच उरले नाही. छपरे कोसळली, भिंतींत वड-पिंपळ रुजले.

आज केंद्रीय पुरातत्त्व खाते या वास्तूची देखभाल करते. बदलापूरहून दिवा जंक्शन गाठून वसई रोडची गाडी धरता येते. तिथून किल्लाबंदरच्या दिशेने गेले की तटबंदी दिसू लागते. आत सेंट जोसेफ चर्चचा उंच मनोरा, बालेकिल्ल्याचा कोरीव दरवाजा, नागेश्वराचे मंदिर आणि चिमाजी अप्पांचे स्मारक एकाच फेरीत पाहता येतात. पुरता दिवस हाताशी ठेवावा आणि ओहोटीची वेळ आधी पाहून ठेवावी, कारण खाजणाचा चिखल उघडा पडला की हल्लेखोरांना उत्तरेकडूनच का यावे लागले, हे तटावर उभे राहून सहज कळते.