गाय तापली? आधी रक्त, मग इंजेक्शन



रहाटणीच्या आसपास ज्यांच्या दावणीला अजून गाई-म्हशी आहेत, त्यांच्यासाठी ही माहिती.

संकरित गाय तापली, चारा सोडला, दूध आटलं, की पहिला विचार येतो इंजेक्शनचा. जरा थांबा. ताप गोचिडांचा की आणखी कशाचा, हे नुसता हात लावून कळत नाही. ते रक्त सांगतं. पण औषध टोचल्यावर घेतलेल्या रक्तात जंतू सापडेलच असं नाही. म्हणून डॉक्टरांना नमुना आधी घ्यायला सांगावे.

रक्त मानेच्या किंवा शेपटीखालच्या शिरेतून काढतात. पूर्वी सिरिंजने ओढून बाटलीत सोडत. आता निर्वात नळी आली आहे. दुतोंडी सुईचे एक टोक शिरेत, दुसरे रबरी बुचातून नळीत. नळीतली हवा आधीच काढलेली असल्याने रक्त आपोआप आत येते आणि मापाला थांबते. जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त गोठू न देणारे औषध असते; त्यावर रक्तपेशी पाहतात. ही नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटीसुलटी करावी. घुसळू नये बरं का, पेशी फुटतात! साध्या लाल बुचाच्या नळीत रक्त गोठून रक्तजल सुटते. सांसर्गिक गर्भपाताची तपासणी त्यावर होते.

गोचीडतापासाठी कानाच्या टोकाला टोचून थेंबाचा काचपट्टीवर पातळ लेप घेतात. तो सुकेपर्यंत माश्यांपासून जपावा, त्या लेप चाटून नेतात. खांद्यापुढची गाठ सुजली असेल, तर डॉक्टर तिच्यातले पाणीही सुईने काढून बघतात.

दहा जनावरांना एकच सुई फिरवणे ही जुनी खोड. ॲनाप्लाझ्माचा रोग गोचिडांनी पसरतो, तसा रक्त लागलेल्या सुईनेही पसरतो. दर जनावराला नवी सुई मागा. सुईची किंमत आणि दुभत्या गायीची किंमत, हिशेब तुम्हीच करा. वापरलेली सुई उकिरड्यात टाकू नये, डॉक्टरांकडे परत द्यावी.

नळीवर कानातल्या बिल्ल्याचा नंबर व तारीख लिहावी. नळी कागदात गुंडाळून बर्फाच्या डब्यात ठेवावी, बर्फाला थेट लागू देऊ नये. औंधला पशुसंवर्धन विभागाची रोग अन्वेषण प्रयोगशाळा आहे. रहाटणीहून ती जवळ. दवाखान्याची चिठ्ठी घेऊन नमुना त्याच दिवशी पोचवावा.

मात्र जनावर अचानक मेले आणि नाका-तोंडातून काळसर, न गोठणारे रक्त येत असेल, तर त्याला हात लावू नका, चिरू नका. काळपुळी असू शकते, आणि ती माणसालाही होते. अशा वेळी नमुना घ्यायचा की नाही, हे डॉक्टरच ठरवतील.