टोमॅटोचा विषाणू आणि रस्त्यावरचा ब्लोअर

मे २०२० मध्ये अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या संगमनेर आणि अकोले तालुक्यांतला टोमॅटो धड पिकेना. एकाच फळावर हिरवे, पिवळे, लाल डाग उमटत. शेतकऱ्यांनी रोगाला ‘तिरंगा’ म्हटले. देश टाळेबंदीत होता, विषाणू हा शब्द ऐकूनच माणसे दचकत होती. त्यात एका वृत्तवाहिनीने हा टोमॅटो कोरोनाहून घातक ठरवून टाकला. पीक गेलेच होते, आता उरलेला मालही संशयित झाला. अकोले तालुक्यातले किसान सभेचे नेते डॉ. अजित नवले यांनी या बातमीविरुद्ध जाहीर आवाज उठवला. नमुने बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेत गेले. तिथे प्रामुख्याने सापडला कुकुंबर मोझॅक विषाणू, म्हणजे शास्त्रज्ञांना १९१६ पासून माहीत असलेला, हजाराहून अधिक जातींच्या वनस्पतींवर जगणारा जुनाच पाहुणा.

असा टोमॅटो खाल्ला तर माणसाला रोग होतो का? होत नाही. विषाणूला पेशीत शिरायला त्या पेशीशी जुळणारी सोय लागते. माणसाचे विषाणू पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक प्रथिनांना चिकटून आत जातात. वनस्पतीच्या पेशीभोवती जाड भिंत असते, म्हणून तिचे विषाणू जखमेतून किंवा किडीच्या सोंडेतून आत सोडले जाण्याची वाट पाहतात. माणसाच्या पेशीचे दार उघडणारे काहीच त्यांच्यापाशी नसते. मिरचीवरचा एक विषाणू तर जगभरच्या माणसांच्या विष्ठेत भरपूर सापडतो, कारण आपण तिखट खातो. सांडपाण्याची तपासणी करणारे त्याचा खुणेसारखा उपयोग करतात. आपण रोज असे कितीतरी विषाणू जेवणाबरोबर गिळतो आणि आपल्याला त्याचा पत्ताही नसतो.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो, कारण तो दुकानातून बाटल्यांच्या रूपाने घरी येतो. ‘व्हायरस आलाय, काहीतरी मारा!’ बुरशीनाशकाने विषाणू मरत नाही, प्रतिजैविकानेही नाही. मग निदान मावा मारावा, असे वाटते. पण कुकुंबर मोझॅक माव्याच्या सोंडेच्या टोकाला नुसता चिकटतो. मावा पानात काही सेकंद सोंड खुपसून चव बघतो, तेवढ्यात काम होते. कीटकनाशकाने तो मरतो खरा, पण रोग देऊन झाल्यावर. उलट टोमॅटोची पाने वळवणाऱ्या बोकड्या रोगाचा विषाणू पांढऱ्या माशीच्या अंगात शिरून, काही तास फिरून मग लाळेत येतो. तिथे माशीवर वेळीच केलेली फवारणी उपयोगी पडू शकते. डेंग्यूचा डासही असाच, रुग्णाला चावल्यावर आठ-दहा दिवसांनीच दुसऱ्याला रोग देण्याजोगा होतो. माव्यातून येणाऱ्या रोगासाठी उपाय तो पसरण्याआधीचेच: रोपवाटिकेला बारीक जाळी, कडेने मक्याच्या दाट ओळी, चंदेरी मल्चिंग पेपर, शेजारी काकडी-भोपळा नको, आणि पहिले रोगट झाड दिसताच उपटून गाडणे. हे शेवटचे सांगायला सोपे आहे. उभे झाड उपटायला हात धजत नाही.

त्याच २०२० मध्ये डाळिंबाच्या बागेतले ट्रॅक्टरचे ब्लोअर गावोगावच्या गल्ल्यांतून फिरले. सोडियम हायपोक्लोराइटचे फवारे, मागे मोबाईलवर चित्रीकरण. दिसायला मोठे काम, रोगाला धक्का नाही. धूळ, माती, शेण यांच्यात क्लोरीनचा जोर लगेच संपतो, आणि कोरोना रस्त्यावरून पसरतच नव्हता. तो बंद खोलीत, एकमेकांच्या श्वासातून पसरत होता. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२० मध्येच रस्त्यांवर अशी फवारणी करू नका असे सांगितले होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये या जिल्ह्यातली ६१ गावे प्रशासनाला बंद करावी लागली. तेव्हा निकष गावातले सक्रिय रुग्ण हा होता, रस्त्यांची स्वच्छता नव्हे.

गंमत अशी, की तेच हायपोक्लोराइट त्याच बागेत नेमके कामाला येते: छाटणीच्या कात्रीवर. राहाता, संगमनेर, पारनेर भागातल्या डाळिंब उत्पादकाला तेल्याची धास्ती नव्याने सांगायला नको. हा जिवाणूजन्य रोग. ‘शेजारच्या बागेतून वाऱ्याने आला’ हे सर्रास ऐकू येते. पावसाचे थेंब वाऱ्याबरोबर उडून तो पसरतो हे खरे, म्हणूनच मृग बहारात तो जास्त जोर धरतो. पण लांबच्या गावातून तो बहुधा रोगट बागेतल्या गुटी कलमाबरोबर, आपणच पैसे मोजून आणलेला असतो. बागेत आला की एका झाडावरून दुसऱ्यावर कात्रीही त्याला नेते. प्रत्येक झाडानंतर कात्री द्रावणात बुडवायची, एवढेच. मजुरी वाढते म्हणून ते टळते.

कुष्ठरोगाबाबत तर माणसांनी रोग पसरण्याची वाट चुकीची धरली आणि माणसेच वाळीत टाकली. हा रोग शिवण्याने होत नाही, पूर्वजन्मीच्या पापाने नाही, रक्ताच्या नात्यानेही नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातल्या तुषारांतून, दीर्घ सहवासाने तो पसरतो, आणि बहुतेकांच्या अंगात त्याला रोखण्याची ताकद उपजतच असते. जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबेल आरोळे यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. तिथे गावातल्याच कमी शिकलेल्या बायका आरोग्य कार्यकर्त्या झाल्या, आणि कुष्ठरुग्णाला वेगळ्या वसाहतीत न धाडता गावातच उपचार मिळू लागले. बहुविध औषधोपचार सुरू होताच रुग्णाकडून संसर्ग होणे थांबते. झडलेली बोटे ही संसर्गाची खूण नाही. नसा बधिर झाल्याने जखमा कळत नाहीत, त्याचा तो परिणाम, आणि तो बरे झाल्यावरही उरतो. अंगावर फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावा. औषध तिथे मोफत मिळते.